"कोणी विचारलं तर हर्निया सांग"

स्क्वॉट मारताना डाव्या अंडकोषात अशी कळ आली की बार रॅकवर ठेवून तसाच बाकावर बसलो. ट्रेनर धावत आला, त्याला म्हटलं व्हेरिकोसीलचं, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरांचं, ऑपरेशन झालंय माझं, तर इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "कोणी विचारलं तर हर्निया सांग."

ते डोक्यातून जातच नाहीये.

अरे, 100 पैकी साधारण 15 पुरुषांना असतं हे, बहुतेकांना डावीकडेच. शिरांच्या झडपा नीट बंद होत नाहीत, रक्त साचून शिरा फुगतात. दम रोखून वजन उचललं की पोटातला दाब वाढून या शिरांवर येतो, आणि ऑपरेशननंतर कधी शिरा परत फुगतात, कधी अंडकोषाभोवती पाणी साचतं, ते तपासून डॉपलर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी) केल्यावरच कळतं. मी उद्याच जातोय.

गुडघा दुखला तर अख्ख्या जिमला सांगतो, मग हे घरीसुद्धा का बोलत नाही आपण?