जाहिरातीची मुभा मिळाली, पण व्हिसा आडवा आला

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांची वार्ता महाविद्यालयाच्या आवाराबाहेर क्वचितच पोहोचते. इथे अमेरिकेत मात्र अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका अमेरिकन फुटबॉल सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि महाविद्यालयीन सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जातात. या खेळाडूंना जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशाचे नियम आणि त्या नियमांचा त्यांच्यावर होणारा परिणाम हा माझ्या संशोधनाचा विषय आहे.

२०२१ पर्यंत नियम सरळ पण कठोर होता. शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च शिष्यवृत्तीतून भागत असे. परंतु स्वतःचे नाव किंवा छायाचित्र वापरू देऊन खेळाडूने पैसे घेतले, तर त्याला स्पर्धेतून बाद होण्याची भीती असे. १९९५ साली यूसीएलए या लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाच्या विजेत्या बास्केटबॉल संघात असलेल्या एड ओबॅनन यांना पुढे एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला, ज्यासाठी त्यांना छदामही मिळालेला नव्हता. २००९ मध्ये त्यांनी महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएला न्यायालयात खेचले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंच्या बाजूने कायदा केला, इतर राज्ये त्यामागे गेली आणि १ जुलै २०२१ पासून एनसीएएने जाहिरात करारांना मुभा दिली.

या मुभेचा लाभ कोणाला किती झाला, हे मोजणे फार अवघड आहे. करार खासगी असतात, आणि माहिती मागितली की अनेक विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा पुढे करतात. जे आकडे बाहेर येतात ते बहुधा फुटबॉल किंवा बास्केटबॉलमधील ताऱ्यांचे असतात, आणि त्यांच्यावरून काढलेली सरासरी जलतरणपटू किंवा धावपटू यांच्याविषयी काहीही सांगत नाही. त्यामुळे अशा सरासरीवर बेतलेले निष्कर्ष मला ग्राह्य वाटत नाहीत.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग परदेशी खेळाडूंचा आहे. एनसीएएच्या स्पर्धांत वीस हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी खेळतात आणि त्यांतील बहुतेक माझ्यासारखेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेत. या व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. माझे संशोधन साहाय्यकाचे काम त्याच मर्यादेत बसते. आवाराबाहेर जाहिरातीसाठी उभे राहणे हे मात्र परवानगीविना केलेले काम ठरू शकते, आणि तसे ठरले तर शिक्षणच धोक्यात येते. काँगोहून आलेला ऑस्कर शिबवे २०२२ मध्ये वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू ठरला. त्याच उन्हाळ्यात त्याच्या केंटकी विद्यापीठाचा संघ बहामाला गेला असताना, म्हणजे अमेरिकेच्या भूमीबाहेर, त्याने जाहिरातींची कामे उरकली. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनडियन खेळाडू झॅक एडी दोन वर्षे सलग तोच मान मिळवूनही या अडचणीतून सुटला नाही. एकाच संघात, एकाच मैदानावर घाम गाळणाऱ्या दोघांपैकी एकाला शेजारच्या दुकानाची जाहिरात करता यावी आणि दुसऱ्याला केवळ पारपत्राच्या रंगामुळे येऊ नये, हा मला उघड अन्याय वाटतो. तो कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही. विद्यार्थी व्हिसाचे नियम ज्या काळात लिहिले गेले, त्या काळात असा विद्यार्थी कल्पनेतही नव्हता.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. आता विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत, पैसे देऊ शकते. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे बाहेरचे करार मात्र तपासणीसाठी कळवावे लागतात. विद्यापीठाने दिलेला हा वाटा नोकरीचा पगार मानायचा की नावाच्या वापराचे शुल्क, यावर परदेशी खेळाडूचे भवितव्य अवलंबून आहे. याच तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून द्यायच्या सुमारे २.८ अब्ज डॉलरचा मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी अपील केले, आणि त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी माझ्या प्रबंधाचा पुढचा भाग व्हिसाचाच असेल: कराराची संधी नसलेले परदेशी खेळाडू शिक्षण पूर्ण होईपर्यंत इथे टिकतात, की पगार देणाऱ्या युरोपीय संघांकडे लवकर वळतात, हे मला तपासायचे आहे.