सेचोव्ल्ये : मिठागरांचे एक स्लोव्हेनियन गाव

शिरोड्याच्या मिठागरांजवळ राहणाऱ्या मला सेचोव्ल्ये फारसे परके वाटत नाही. द्रागोन्या नदी पिरानच्या उपसागराला मिळते त्या सपाट खोऱ्यात, क्रोएशियाच्या सीमेलगत हे गाव आहे. १२८३ ते १७९७ या काळात जवळच्या पिरान शहरावर व्हेनिसची सत्ता होती आणि या मिठावर तिचा डोळा असणे स्वाभाविकच होते. चौदाव्या शतकात आजच्या क्रोएशियातील पाग बेटावरून इथे ‘पेटोला’ची रीत आली : वाफ्याच्या तळाशी शेवाळ, जिप्सम व इतर खनिजांचा पातळ थर जोपासायचा, म्हणजे मीठ ओढताना खालचा चिखल त्यात मिसळत नाही. आपल्याकडे तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. पेटोलाची युक्ती मला अधिक हुशारीची वाटते. १९०२ ते १९३५ पर्यंत त्रिएस्ते (आज इटलीत) ते पोरेच (आज क्रोएशियात) ही अरुंद रुळांची रेल्वेही इथून धावत असे.