दिवसाला एक मिलिमीटर

अपघातानंतर भरपाईचे पैसे हातात यायला मला सव्वादोन वर्षं लागली. हे सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक वाक्य म्हणतो. एक तर "बापरे, एवढा वेळ?" किंवा "वकिलानेच लांबवलं असणार." पहिल्याला मी मान डोलावते. दुसरं ऐकून घेत नाही, कारण कोणत्या आठवड्यात घोडं कुठे अडलं होतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

बाजूच्या रस्त्यावरून एक व्हॅन न थांबता आली आणि माझ्या गाडीच्या दारावर आदळली. दार आत घुसलं, उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. हाडाचं मला एवढं काही वाटलं नव्हतं, हाडं मोडतात आणि जुळतात. घाबरले ती दुसऱ्या दिवशी, नर्सने "पंजा वर करा बघू" म्हटल्यावर. मी केला. म्हणजे मला वाटलं मी केला. बघते तर पंजा मनगटातून खाली लोंबतोय, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नर्व्ह नावाची नस खाली उतरते. मनगट आणि बोटं वर उचलायचं काम तिचं. हाड मोडताना ती चेंगरली होती. डॉक्टर म्हणाले, बहुधा तुटलेली नाही, अशा बहुतेक नसा आपोआप परत येतात, तीन-चार महिने वाट बघू. मी विचारलं, मग पूर्ण बरी कधी होईन? त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून माझ्या हाताला लावली. "नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. इथून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत तीस सेंटिमीटर धरा. करा हिशोब."

तीनशे दिवस. तेही मधे कुठे अडली नाही तर.

हा हिशोब इतका सविस्तर सांगण्याचं कारण असं, की माझ्या क्लेमचा खरा कॅलेंडर हाच होता. मला ते कळायला वर्ष गेलं. तोवर मी इतरांसारखीच समजत होते की फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे.

व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीचा पहिला फोन एकोणिसाव्या दिवशी आला. बोलणारा मुलगा फार गोड बोलायचा. तब्येतीची चौकशी, "मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच पुढाकार घेतोय," आणि एक आकडा. सही केली की आठवड्यात खात्यात जमा, फुल अँड फायनल. तेव्हा मी बिनपगारी रजेवर होते आणि ब्लाउजचे हूकसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेत होते. तो आकडा मला डोंगराएवढा वाटला. मी हो म्हणणारच होते, पण माझा मोठा भाऊ म्हणाला, "फुल अँड फायनल म्हणजे काय ते आधी विचार." विचारलं. त्याचा अर्थ असा, की उद्या नस परत आली नाही, ऑपरेशन लागलं, नोकरी गेली, तरी त्यानंतर एक पैसाही मागायचा नाही. कागदावर सही झाली की प्रकरण संपलं. अपवादात्मक काही घडल्याशिवाय ते पुन्हा उघडत नाही.

आणि गंमत पाहा. नसेची अवस्था नेमकी सांगणारी जी स्नायूंची विजेची तपासणी असते, ती तीन-चार आठवडे होईपर्यंत करून उपयोग नसतो. तोवर मशीनला स्नायूतला बिघाड नीट दिसतच नाही. म्हणजे एकोणिसाव्या दिवशी माझ्या हाताची किंमत डॉक्टर सांगू शकत नव्हते, मशीन सांगू शकत नव्हतं, मी तर नाहीच नाही. त्या मुलाला मात्र ती माहीत होती.

मग वकीलबाई आल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "तुमची तब्येत आता याहून सुधारणार नाही आणि बिघडणारही नाही, असं डॉक्टर लिहून देईपर्यंत मी समोरच्यांना आकडा सांगणार नाही." मला ते ऐकून राग आला होता. आता वाटतं, सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं. भरपाई एकदाच मागायची असते आणि तिच्यात पुढच्या आयुष्याचा खर्चही धरायचा असतो. मग शरीर कुठल्या पायरीवर थांबतं ते कळल्याशिवाय मागणार काय? मानेला हिसका बसला आणि दोन महिन्यांत माणूस कामाला लागला, चूक कुणाची यावरही वाद नाही, तर असं प्रकरण काही महिन्यांत मिटतं. डोक्याला मार लागलेल्या लहान मुलाचं कित्येक वर्षं चालू शकतं, कारण ते मूल मोठं झाल्याशिवाय काय गमावलं ते कळतच नाही. शिवाय मुलांच्या तडजोडीला बऱ्याच देशांत कोर्टाची मंजुरी लागते.

वही त्यांनीच ठेवायला लावली. रोज दोन ओळी: काय करता आलं, काय नाही, कुणाकडे गेले, कुणाचा फोन. उजवा हात स्प्लिंटमध्ये होता, म्हणून मी डाव्या हाताने लिहायला लागले. बालवाडीतल्या मुलासारखी अक्षरं, एका ओळीला अर्धं पान. 'आज भाकरी नाही, चमचा धरला' असली अमर वाक्यं तिच्यात आहेत.

दर तपासणीला डॉक्टर माझ्या दंडावरून बोटाने टकटक करत खाली यायचे. जिथे झिणझिण्या उठायच्या तिथपर्यंत नस पोचलेली. तिथे ते बॉलपेनने टिंब द्यायचे. पुढच्या वेळी टिंब पुसलेलं असायचं, पण त्यांच्या कागदावर अंतर असायचं. कोपराच्या वर, कोपरावर, कोपराच्या खाली. चौथ्या महिन्यात कोपर वाकवताना हाताच्या वरच्या बाजूचा एक स्नायू फुगला. सहाव्या महिन्यात मनगट टेबलावरून बोटभर उठलं. मी त्या दिवशी ऑफिसात जो भेटेल त्याला मनगट उचलून दाखवत होते. लोकांना वाटलं असेल, हिला काय झालंय. बोटं त्यानंतर आली. अंगठा सगळ्यात शेवटी, अकराव्या महिन्यात, आणि तोही पूर्ण नाही. आजही मी ताठ अंगठा दाखवून 'छान' म्हणू शकत नाही. माझा 'छान' जरा कललेला असतो.

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी लिहून दिलं की आता यापुढे विशेष फरक पडणार नाही. म्हणजे सव्वादोन वर्षांतले चौदा महिने ना वकिलाने खाल्ले, ना विमा कंपनीने. ते नसेने खाल्ले.

त्यानंतरचे अडीच महिने कागदांत गेले, आणि त्यांच्याबद्दल मला अजिबात ममत्व नाही. एक हॉस्पिटल, एक तपासणी केंद्र, एक फिजिओथेरपिस्ट, माझं ऑफिस. प्रत्येकाकडून नोंदी, प्रत्येकाकडून बिलं. हॉस्पिटलने पाठवलेल्या गठ्ठ्यात एक पान नव्हतं. एका पानासाठी पाच आठवडे. सगळं जुळल्यावर मागणीचं पत्र गेलं. उत्तर यायला सहा आठवडे लागले, आणि आकडा आला तो त्या गोड मुलाच्या आकड्याच्या जेमतेम दीडपट.

मग घासाघीस. इथे मला वाटलं होतं दुखापतीवर वाद होईल. वाद झाला तो वेगावर. त्यांचं म्हणणं, व्हॅन थांबली नाही हे खरं, पण मीही जोरात होते, तेव्हा तीस टक्के चूक माझी. हा नुसता तात्त्विक मुद्दा नसतो. बहुतेक ठिकाणी तुमच्या वाट्याला जितके टक्के चूक येते तितके टक्के भरपाईतून कापले जातात, आणि काही मोजक्या ठिकाणी तर थोडीशी चूक निघाली तरी हाती काहीच लागत नाही. त्यामुळे एकेका टक्क्यासाठी पत्रापत्री. त्यांनी त्यांच्या पसंतीच्या डॉक्टरकडून माझी तपासणी करवली. वीस मिनिटांत ते गृहस्थ या निष्कर्षाला आले की मी 'कार्यक्षमतेच्या दृष्टीने पूर्ण बरी' आहे. अंगठ्याकडे त्यांनी पाहिलं होतं की नाही, मला शंका आहे.

मधेच एक उलटा प्रकार कळला. प्रकरण जितकं मोठं तितका वेळ जास्त, असं सरसकट नसतं. धडक देणाऱ्याची पॉलिसी लहान रकमेची असेल आणि दुखापत उघडउघड तिच्याहून मोठी, तर विमा कंपनी पुष्कळदा पॉलिसीची सगळी रक्कम लवकर देऊन मोकळी होते, कारण भांडून तिचं काही वाचणार नसतं. लवकर मिटलं म्हणून अशा माणसाला नशीबवान म्हणू नये.

बाविसाव्या महिन्यात वकीलबाईंनी बोलणी चालू असतानाच दावा दाखल केला. मी गांगरले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या रक्तातच असतं. त्या म्हणाल्या, दावा लावायची इथली मुदत दोन वर्षांची आहे आणि समोरच्याशी नुसतं गोड बोलणं चालू आहे म्हणून ती थांबत नाही. ही मुदत देशागणिक, राज्यागणिक वेगळी. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे तीन वर्षं, कॅलिफोर्नियात दोन. अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात तर एकच वर्ष होतं, 1 जुलै 2024 नंतरच्या अपघातांसाठी ते दोन झालं. भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार अपघाताच्या अर्जासाठी सहा महिने ठरवले आणि ते 1 एप्रिल 2022 पासून लागू झाले. म्हणजे तिथे माझ्यासारखीचं मनगट टेबलावरून बोटभर उठेपर्यंत अर्जाची वेळ संपायला येणार; आधी अर्ज करायचा आणि नसेची वाट नंतर बघायची. आणि न्यूझीलंडमध्ये 1974 पासून अपघाती दुखापतीचा खर्च सरकारी योजनाच उचलते, चूक कुणाची हे न विचारता, आणि त्या बदल्यात भरपाईसाठी दावा लावण्याची सोय काढून घेतलेली आहे. घासाघिशीच्या त्या महिन्यांत मी रात्री न्यूझीलंडबद्दल फार वाचायचे.

दावा दाखल झाला म्हणजे खटला चालतोच असं नाही. बहुतेक दावे निकालाआधीच मिटतात. आमचा मध्यस्थीत मिटला, साडेपंचविसाव्या महिन्यात. एका खोलीत आम्ही, दुसऱ्या खोलीत ते, आणि मध्यस्थ बाई आकड्याची चिठ्ठी घेऊन इकडून तिकडे. सकाळभर काही हलेना. त्यांच्या डॉक्टरचं ते 'पूर्ण बरी' मधे आडवं पडलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मध्यस्थ बाईंनी वही मागितली. त्या वाचत नव्हत्या, नुसती पानं उलटत होत्या. डाव्या हाताची ती वेडीवाकडी अक्षरं, पानामागून पान. मग सातव्या महिन्यात एके ठिकाणी अक्षर अचानक बदलतं: उजव्या हाताची पहिली ओळ, इतकी फिकट की पेन कागदाला टेकलंय की नाही कळू नये. तिथे त्या थांबल्या. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. मग शेवटचं पान उघडून, माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाल्या, "अपघाताआधी करत होता तशी सही करा." मी केली. शेवटची रेघ, जी मी नेहमी अंगठ्याच्या जोरावर वर ओढायचे, ती खालीच राहिली. त्यांनी माझ्या जुन्या परवान्याची प्रत काढून शेजारी ठेवली आणि दोन्ही कागद घेऊन त्या दुसऱ्या खोलीत गेल्या. चाळीस मिनिटांनी परत आल्या तेव्हा तीस टक्क्यांचे दहा झाले होते आणि आकडा पहिल्या फोनवरच्या आकड्याच्या साडेचारपट.

मी त्याच दिवशी घरी सांगितलं, झालं एकदाचं. झालं नव्हतं. तडजोडीचा कागद तयार व्हायला, त्यावर सह्या व्हायला आणि पैसे यायला आणखी सहा आठवडे. पैसे आधी वकिलांच्या खात्यात येतात. त्यातून त्यांची फी आणि खर्च. मग माझ्या आरोग्य विम्याने हॉस्पिटलला दिलेली रक्कम. तीही त्यांनी परत मागितली आणि नेमकी किती यावर पुन्हा तीन पत्रं. उरलं ते माझं. शेवटी साडेचारपटचं हातात साधारण अडीचपट आलं. वाईट नाही. पण सुरुवातीला कुणी हे सांगितलं असतं तर मी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाची स्वप्नं जरा आवरती घेतली असती.

वही अजून वकीलबाईंच्या फाइलीत आहे. हे सगळं मी फोनमधल्या फोटोंवरून लिहिलं. गेल्या महिन्यात परत मागायला फोन केला, तर त्यांची असिस्टंट म्हणाली, बंद झालेल्या फाइली गोदामात जातात, काढायला थोडा वेळ लागतो.

"थोडा म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते नक्की नाही सांगता येत हो, मॅडम."