विदर्भ एक्सप्रेसने आलेलं पाणी

एप्रिलमधली दुपार. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, मूळची काटोलची, पीएच मीटरसमोर उभी होती. आकडा ७.७४. "मॅडम, पाहा ना जी, समुद्र केवढा आंबट झाला!"

पाणी गिरगाव चौपाटीचं होतं. तिच्या भावाने पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते भरलं, विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर आणलं, आणि पुढचे दोन दिवस बाटली घरी खिडकीत राहिली. समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने काम शिकायची संधी होती, तेही समुद्राच्या आम्लीकरणाच्या, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लाकडे झुकतं त्याच्या, मोजमापाचं. अर्जासोबत स्वतः केलेलं एखादं मोजमाप जोडायचं होतं. मुदत त्याच रात्री बारापर्यंत. आमच्याच विभागातल्या एका वरिष्ठांनी तिला "नागपूरला कुठला आलाय समुद्र" म्हणून आधीच वाटेला लावलं होतं. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो. कार्बन डायऑक्साइड किनारा बघून विरघळत नाही, आणि ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजून सोडणारी काचनळी, नागपुरातही तितकीच चालते.

पण ७.७४ हा आकडा समुद्राचा नव्हता.

औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही मोजपट्टी लॉगची, एक अंक उतरला की आम्लता दहापट. हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढले. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, फक्त आम्लाच्या दिशेने सरकतंय. खुल्या समुद्रात ही घसरण वर्षाला साधारण ०.००२. म्हणजे आमच्या मीटरचा शेवटचा आकडा एकाने हलायला पाच वर्षं लागतील. आणि ही पोरगी एका बाटलीत शतकांची घसरण दाखवत होती.

मी तिला शेजारी बसवलं. मीटर कशाने जुळवून घेतला होता? बफरच्या, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणाच्या, गोळ्यांनी: ४, ७ आणि ९.२. ते बफर क्षाराने पातळ आणि समुद्राचं पाणी खारट; मीटरची कांडी, म्हणजे इलेक्ट्रोड, एकातून दुसऱ्यात गेला की त्याच्या टोकाचा विद्युत विभव बदलतो आणि वाचन सरकतं. समुद्राचा सामू मोजणारे म्हणूनच कृत्रिम समुद्रजलात केलेला ट्रिस बफर वापरतात, नाहीतर मेटा-क्रेसॉल पर्पल हा रंग टाकून ४३४ आणि ५७८ नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण वाचतात, तेही २५ अंशांवर. आमची प्रयोगशाळा त्या दुपारी ३६ वर होती. अंशामागे सामू सुमारे ०.०१५ ने उतरतो, हिशेब करा. वर बाटली प्लास्टिकची, पाऊण भरलेली. आतले सूक्ष्मजीव तीन दिवस श्वास घेत राहिले आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. रीतीप्रमाणे काचेची बाटली जवळजवळ काठोकाठ भरायची, आणि अर्ध्या लिटरला शंभर मायक्रोलिटर संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड टाकून जीव थांबवायचे. शिवाय गिरगाव म्हणजे खुला समुद्र नव्हे, तिथे शहराचं सांडपाणी मिसळतं.

ती वहीत एकेक कारण उतरवून घेत होती. चौथ्या कारणाला पेन थांबलं. "मग मी काय पाठवू, मॅडम?"

"हेच पाठव. आकडा का चुकला ते लिही."

रात्री दहापर्यंत तिने तेच लिहिलं, सुरेख लिहिलं. निवड झाली नाही. कारण कळवलेलं नाही. ७.७४ राहू दिला असता तर झाली असती का, हे मी आजही स्वतःला विचारते. तपासणाऱ्याकडे शंभर अर्ज असतील. चूक कबूल करणाऱ्या पानापेक्षा ठाम आकडा त्याच्या डोळ्यांत भरला असेल. तसं झालं असेल तर ती छाननीच चुकीची, असं माझं मत. पण उन्हाळा तिचा गेला, माझा नाही.

आठवड्याने मला जे सुचलं, ते त्या दुपारीच सुचायला हवं होतं. कार्बन डायऑक्साइड आत आला किंवा बाहेर गेला तरी पाण्याची एकूण अल्कता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, बदलत नाही. सामू बिघडला होता, अल्कता जवळपास शाबूत होती! आम्ही १०० मिली पाणी घेतलं, ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं, आणि त्या आम्लातही मीठ घातलं, म्हणजे इलेक्ट्रोडला भोवताल सारखाच खारट लागेल. अंतिम बिंदूच्या, म्हणजे अल्कता संपते त्या क्षणाच्या, पुढे जाऊन वाचनं घेतली आणि ग्रॅनच्या पद्धतीने आलेखपत्रावर रेघ मागे ओढून तो बिंदू शोधला. इथे मीटरचा आकडा अचूक नसला तरी निभावतं, उतार बरोबर हवा. तीन वेळा केलं, आम्ल लागलं २२.६, २२.५, २२.६ मिली. म्हणजे लिटरला सव्वादोन मिलिमोलच्या किंचित वर. खुल्या समुद्रात साधारण २.३ असते. तिसऱ्या रेघेला तिने पट्टी उचलली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

या महिन्यात भाऊ पुन्हा येतोय. घासलेल्या बुचाच्या दोन काचेच्या बाटल्या आम्ही त्याच्याकडे पाठवल्यात. मर्क्युरिक क्लोराइड मी दिलेलं नाही. ते विष प्रवाशांच्या डब्यातून नेऊ देणार नाही. बर्फाच्या डब्यात, अंधारात आणायचं, गाडीतून उतरल्यावर थेट प्रयोगशाळेत. तिने भावाला फोनवर सांगितलं, "घरी नको जाऊस, दादा. आधी कॉलेजात ये."