ऑर्डर चांगल्या, तरी शेअर पडला

गुरुवार, १७ जुलै २०२५

चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीचा शेअर काल, तिमाही निकालानंतर, एका दिवसात ११ टक्क्यांनी आपटला. तेव्हापासून गुंतवणूकदारांची मतं वाचतेय आणि त्यातली बरीचशी पटत नाहीयेत. ‘वाढ संपली’, ‘चीन हातचा गेला की उरणार काय’, असाच बहुतेकांचा सूर. वाईट याचं वाटतं की निकाल पुरता वाचायची तसदीही अनेकांनी घेतलेली दिसत नाही. तिमाहीत ५.५ अब्ज युरोंच्या नव्या ऑर्डर आल्या, विश्लेषकांनी धरल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त. विक्री ७.७ अब्ज युरोंची. शेअर पडला तो एका वाक्यावर. २०२६ मध्ये वाढ व्हावी म्हणून तयारी चालू आहे, पण ती होईलच असं आज सांगता येत नाही, असं सीईओ क्रिस्तोफ फुके म्हणाले.

गेल्या १५ ऑक्टोबरला नेमकं उलटं झालं होतं. निकाल चुकून एक दिवस आधीच बाहेर आला, ऑर्डर निघाल्या २.६ अब्ज युरोंच्या, अपेक्षा दुपटीहून जास्त होती, आणि शेअर १६ टक्के कोसळला. पुढच्याच तिमाहीत ऑर्डर ७ अब्जांच्या वर गेल्या. तरी जुलै २०२४ चा हजार युरोंचा भाव जुलै २०२५ पर्यंत परत आलेला नव्हता. ऑर्डर घटल्या तेव्हा पडला, वाढल्या तेव्हाही पडला, मग दुखणं ऑर्डरींच्या आकड्यात कसं असेल?

या धंद्यात तो आकडा मुळातच उड्या मारणारा. चिपवर अतिसूक्ष्म नक्षी उमटवणारं एक ईयूव्ही यंत्र साधारण २० कोटी युरोंचं, त्याहून बारीक नक्षी काढणारं नवं हाय-एनए तर ३५ कोटींच्या पुढे. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सुटतात, प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा होतो, त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि आरशांवरून परावर्तित होत वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर पडतो. (हे वाचताना मला दर वेळी थक्क व्हायला होतं.) अशी यंत्रं वर्षाला मोजकीच विकली जातात. दहा यंत्रांच्या सह्या महिनाभर पुढे गेल्या की २ अब्ज युरो या तिमाहीतून त्या तिमाहीत जातात, धंदा मात्र तोच. २०२६ पासून तिमाही ऑर्डरींचा आकडा द्यायचाच नाही, असं कंपनीने ठरवलंय. त्यावर काही जण चिडलेत, काहीतरी लपवतायत म्हणतात. मला निर्णय बरोबर वाटतो.

माझ्या मते खरी अडचण गिऱ्हाइकांची आहे. अत्याधुनिक प्रोसेसर चिप बनवणारे जगात तीनच मोठे: तैवानची टीएसएमसी, सॅमसंग, इंटेल. त्यातल्या सॅमसंग आणि इंटेल या दोघांनी हात आखडता घेतलाय. इंटेलने हाय-एनए सगळ्यांच्या आधी घेतलं, पण आता तिथे काटकसर चाललीय. टीएसएमसी म्हणते, ए१४ या चिपच्या पुढच्या पिढीसाठीसुद्धा आम्हाला हाय-एनए लागणार नाही. ईयूव्हीत एएसएमएलला स्पर्धक नाही म्हणून मक्तेदारी, हे खरंच, पण विकत घेणारा एकच जोरात असेल तर भाव ठरवताना त्याचाही आवाज मोठा असतो. ही गोष्ट मला चीनपेक्षा जास्त काळजीची वाटते. गेल्या वर्षी तिसऱ्या तिमाहीत यंत्रांच्या विक्रीत चीनचा वाटा ४७ टक्के होता. निर्यातीवर निर्बंध येतील या धास्तीने तिथल्या कारखान्यांनी जुन्या तंत्राची डीयूव्ही यंत्रं आधीच भरून ठेवली. तो फुगवटा उतरणारच होता. ईयूव्ही तर चीनला कधी विकूच दिलेलं नाही.

आणि अमेरिकेचं शुल्क. युरोपीय मालावर १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के आयात शुल्क लावायची धमकी आली होती. अशा वेळी पुढच्या वर्षाचं वचन द्यायचं नाही, हा फुके यांचा प्रामाणिकपणाच. हजार युरो मोजणाऱ्यांनी पुढच्या कित्येक वर्षांची वाढ आधीच किमतीत धरली होती. शंकेला जागा निघाली तशी ती किंमत उतरली. यात बाजाराचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आज टीएसएमसीचा निकाल आला. या वर्षीच्या विक्रीवाढीचा अंदाज डॉलरमध्ये ३० टक्क्यांपर्यंत वर नेला, पण भांडवली खर्च ३८ ते ४२ अब्ज डॉलरवरच ठेवला. ‘एआय’ची मागणी एवढी वाढूनही यंत्रांवरचा खर्च जागचा हललेला नाही. माझ्याकडचे शेअर मी ठेवतेय, नवे मात्र घेत नाही. जानेवारीत टीएसएमसी २०२६ च्या खर्चाचा आकडा देईल, तो बघून ठरवेन.