दाभोळच्या जेट्टीवर बघितलेली मापाची सायकल

माझी उंची पाच फूट. सायकलच्या दुकानात गेलं की ठरलेलं वाक्य, मॅडम यात सगळ्यात लहान साइज हाच येतो, सीट खाली घेऊन देतो, होईल सवय. आणि सवय होतेही, म्हणजे मान आखडते, तळहात बधिर होतात, चढावर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला लागतं आणि आपल्याला वाटायला लागतं की सायकल चालवणं हे असंच असणार. म्हणून मागच्या हिवाळ्यात दाभोळच्या जेट्टीवर ज्या बाई भेटल्या त्यांच्या सायकलबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या उंचीच्या बाईसाठी मुद्दाम बनवलेली सायकल मी पहिल्यांदाच बघत होते.

मी दापोलीहून गुहागरला मावशीकडे सायकलने चालले होते. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, नाहीतर चिपळूणचा मोठा वळसा पडतो. जेट्टीवर गाड्यांच्या रांगेत एक गडद हिरवी सायकल उभी, चार पिशव्या लटकवलेल्या, हँडलवर एक, मागे आडवा तंबू, आणि शेजारी जमिनीवर बसून एक साठीच्या बाई पुढचं कॅरियर हाताने हलवून बघतायत. बाई मूळच्या उत्तर इंग्लंडच्या, निवृत्त नर्स. मी लिहिणारे हे सांगितलं तेव्हा नाव नको म्हणाल्या, सायकलबद्दल हवं तेवढं लिही. मुंबईहून मांडव्याला रो-रोने उतरल्या, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी असं एकेक खाडी ओलांडत केळशी, आंजर्ले, हर्णै करत आलेल्या, पुढे किनाऱ्यानेच तेरेखोलपर्यंत आणि मग गोवा.

मी आधी सायकलच बघत बसले. मोठ्या अक्षरात कुठल्याही कंपनीचं नाव नाही. पुढच्या नळीवर एक छोटी पितळी पट्टी आणि सीटच्या खालच्या नळीवर रेनॉल्ड्स ७२५ चा, म्हणजे फ्रेमच्या स्टीलच्या नळ्यांचा, स्टिकर, बास. फ्रेम एवढीशी, वरचा दांडा मागे उतरता, आणि सगळं असं बेतशीर की लहान करून दिलंय असं कुठेच वाटत नव्हतं. सगळ्यात आधी उंचीच विचारली, त्या म्हणाल्या पाच फूट एक इंच. मग बोलणं थांबलंच नाही.

फ्रेम एका माणसाने बनवलेली. एकटाच शेडमध्ये काम करणारा कारागीर, वर्षभर थांबावं लागलं, आणि आधी दोनदा जाऊन माप द्यावं लागलं. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण देतो तसंच अगदी, पायाची आतली लांबी, धड, हात, खांदे, वर बूट कुठला घालता तेही. पण मापाच्या आधी त्याने तासभर नुसते प्रश्न विचारले, कुठे जाणार, किती सामान, पाठ दुखते का, रस्ता डांबरी की कच्चा. ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून तीच फ्रेम, रंग दोनदा काढला, चाकं-चेन-गियर झिजतील तसे बदलले. पैसे किती पडले तेही मी विचारून घेतलं, नुसत्या फ्रेमला आपल्याकडे चांगल्या स्कूटरला पडतात त्याहून जास्त. खूप आहेत. पण वीस वर्षांचा हिशोब मांडला की मला तो आकडा उधळपट्टीचा वाटत नाही.

आता त्या सायकलवर काय काय होतं ते सांगते, कारण प्रत्येक गोष्टीला कारण होतं.

चाकं २६ ची. हल्ली बहुतेक हायब्रिड आणि रोड बाइकना ७००सी चाक असतं, म्हणजे रिमचा व्यास ६२२ मिलीमीटर, आणि हे २६ म्हणजे ५५९. त्रिज्येत तीन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि लहान फ्रेमवर तेवढ्यावरच सगळं ठरतं. मोठं चाक घेतलं की ते पायाच्या जवळ येतं आणि वळताना बूट लागतो, ते टाळायला कंपन्या पुढची नळी तिरकी करतात किंवा वरचा दांडा लांबवतात, मग हात ताणले जातात. म्हणजे माझे बधिर तळहात आणि मडगार्डला लागणारा बूट हे एकाच गोष्टीमुळे, चाक माझ्यासाठी मोठं आहे. हे मला कुठल्याही दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुसरं कारण म्हणजे सुटे भाग. ५५९ चा टायर म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे रेंजर सायकल म्हणतात तिचा, गावोगावी मिळतो. जुन्या काळ्या सायकलचं २८ चं चाक वेगळं, ते ६३५, त्याचा टायर त्यांना चालला नसता. ट्यूबचा व्हॉल्व्हसुद्धा मोटारसायकलसारखा जाड, का, तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

पेडलचा दांडा १६० मिलीमीटरचा. बाजारातल्या बहुतेक सायकलना १७० असतो, उंच असो की बुटका, सगळ्यांना तोच. लांब दांड्यामुळे लहान पायाचा गुडघा वर येताना जास्त वाकतो आणि चढावर दिवसभर तेच करत राहिलं की गुडघे बोलायला लागतात. मागच्या चाकाच्या बाजूच्या नळ्या मुद्दाम लांब ठेवलेल्या, नाहीतर टाच मागच्या पिशवीला आपटते. त्यातल्या एका नळीवर तीन जादा स्पोक बसवायला छोटी जागा, खालच्या नळीच्या पोटाला तिसरी बाटली, त्यात स्टोव्हचं इंधन. गियरचे लिव्हर हँडलच्या टोकांना आणि ते टकटक न करता सरळ फिरवायचे, म्हणजे मागचं डिरेलर, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तुटलं आणि वाटेत भलत्याच कंपनीचं लावावं लागलं तरी चालतं.

आणि गियर! पुढे सगळ्यात लहान चकती २२ दातांची, मागे सगळ्यात मोठी ३४. हिशोब केला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १ मीटर ३५ सेंटीमीटरच्या आसपास पुढे जाते. माझ्या सायकलवर सगळ्यात हलक्या गियरला, पुढे ३० मागे ३२, हेच अंतर दोन मीटर पडतं. सामानासकट चढताना हा फरक केवढा मोठा ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या मनाली-लेहही करून आल्या होत्या, तिथे टांगलांग-ला ही खिंड ५३०० मीटरच्या आसपास, पण म्हणाल्या तिथला चढ ट्रकसाठी आखलेला, लांबलचक आणि समजूतदार, इथे खाडी आली की रस्ता सरळ खाली आणि लगेच सरळ वर. पाय कोकणाने जास्त दुखवले म्हणाल्या.

मी विचारलं की स्टीलची सायकल मऊ चालते म्हणतात ते खरं का. मला वाटलं हो म्हणतील. तर म्हणाल्या, एवढं सामान लादल्यावर तो मऊपणा फ्रेमचा नाही, टायरचा. दोन इंची टायर आणि हवा थोडी कमी. स्टील त्यांनी घेतलं ते वेगळ्या कारणासाठी, ते तुटायच्या आधी बहुतेकदा वाकून किंवा तडा दाखवून सांगतं आणि तुटलं तर जोडता येतं. मला हे उत्तर फार आवडलं. स्वतःच्या इतक्या लाडक्या वस्तूबद्दल इतकं स्वच्छ बोलणारी माणसं कमी भेटतात.

आणि जोडायची वेळ आलेलीच होती. पुढचं कॅरियर पण स्टीलच्याच नळीचं, करंगळीएवढी जाड, आणि जिथे बोल्ट बसतो तिथे खालचा पाय तडकलेला. हर्णैनंतरच्या खड्ड्यांत कधीतरी झालं असावं. धोपाव्याचा चढ चढून पुढे उतारावर ते पूर्ण सुटलं असतं तर पिशवी थेट चाकात. बोट सोडली, दाभोळ गावात परत गेलो आणि विचारत विचारत एका फॅब्रिकेशनच्या दुकानात पोचलो. खिडक्यांची ग्रिलं, गेट, होड्यांची किरकोळ कामं, असं दुकान. दुकानवाले चाचा असतील पासष्टीचे.

इथे मला जरा भीती होती. सगळे म्हणतात की स्टील आहे ना, मग गावात कुठेही वेल्डिंग करून मिळेल, पण असल्या सायकलच्या नळ्या फार पातळ असतात. बाईंच्या फ्रेमच्या नळ्या टोकांना ०.९ मिलीमीटर आणि मधे ०.६, म्हणजे जोडावर जाड आणि जिथे जोर कमी तिथे पातळ. ही युक्ती जुनी आहे, आल्फ्रेड रेनॉल्ड्सने बर्मिंगहॅमला १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. कॅरियरची नळीही अशीच पातळ. त्यावर ग्रिलचं आर्क वेल्डिंग मारलं तर भोकच पडणार. मी हे चाचांना कसं सांगावं याचा विचार करत होते तोवर त्यांनी नळीवर नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, ह्याला आर्क नको, जळेल. गॅसवर पितळ भरतो."

मग त्यांनी जे केलं ते मी उभी राहून पूर्ण बघितलं. अॅलन कीने कॅरियर सोडवून घेतलं, पॉलिश पेपरने रंग घासून नळी चकचकीत केली, तडा कानशीने जरा उघडला, टाकणखार लावला आणि गॅसची ज्योत लांबून फिरवत राहिले, नळी लालसर होईपर्यंत. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं आणि पोलादाला १५०० च्या जवळ जावं लागतं, म्हणून नळीला धक्का न लागता पितळ फटीत ओढलं जातं. काडी टेकवली आणि पितळ सरसर आत शिरलं. वर बाहेरून एक छोटा पत्र्याचा तुकडा वळवून तोही पितळानेच बसवला. पाण्यात बुडवायला दिलं नाही, हवेवर गार होऊ दे म्हणाले.

गार होईपर्यंत ते सायकलभोवती फिरले. दोन नळ्या जिथे मिळतात तिथे या फ्रेमला बाहीसारखा सांधा आहे, लग म्हणतात त्याला, आणि त्याची कड नक्षीसारखी कानसलेली. चाचांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले हा पण पितळेनेच भरलाय, विचारा त्यांना. मी विचारलं. बरोबर होतं. मग त्यांनी शेजारच्या भिंतीला टेकवलेली स्वतःची जुनी काळी सायकल दाखवली, तिलाही तसेच सांधे, तसंच पितळ, फक्त कड साधी. बाईंनी फोनमधले त्यांच्या कारागिराच्या शेडचे फोटो दाखवले आणि चाचांनी ते झूम करून करून बघितले, ज्योतीचा रंग, काडी कशी धरलीय, फ्रेम कशात आवळून ठेवलीय. कारागिराने कड किती वेळ कानसली असेल हे त्यांनी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या एकेका सांध्याला काही तास. चाचांनी मान हलवली आणि म्हणाले, दिसतंय. पैसे त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाचेच घेतले, परदेशी म्हणून एक रुपया जास्त नाही.

एक सांगायचं राहिलं, गंज. कोकणातला खारा वारा स्टीलचा वैरी आहे, आमच्याकडे तर गेटसुद्धा दर पावसाळ्यानंतर रंगवावी लागतात. त्यांच्या फ्रेमला आतून जवसाचं उकळलेलं तेल फिरवून वाळवलेलं आहे, दर काही वर्षांनी सीटची नळी काढून परत करतात. हे आपल्या कुठल्याही स्टीलच्या सायकलला करता येईल आणि खर्च काहीच नाही.

पुढची बोट मिळाली. धोपाव्याला उतरल्यावर जेट्टीपासूनच चढ लागतो आणि थेट सड्यावर नेतो. मी पुढे होते, उभं राहून जोर लावत, आणि त्या मागून बसूनच, पाय गरगर फिरवत, ताशी पाच किलोमीटरने, एवढं सामान घेऊन. अर्ध्यात मी उतरून ढकलायला लागले तेव्हा त्या शेजारून गेल्या, पाय टेकले नाहीत. वर सड्यावर थांबून त्यांनी मला त्यांच्या सायकलवर बसायला सांगितलं, पिशव्यांसकट. मी तिथेच सपाटीवर एक मोठी फेरी मारली. हात कोपरात सहज वाकलेले, खांदे खाली, हळू गोल वळले तरी बूट कुठेही लागला नाही. एवढी वर्षं सायकल चालवतेय आणि हँडल आपण होऊन माझ्यापर्यंत आलंय असं कधी झालं नव्हतं. उतरल्यावर मला बोलायला थोडा वेळ लागला, त्यांना ते समजलं, म्हणाल्या तिलाही पहिल्या दिवशी असंच झालेलं. "तिला" म्हणजे त्यांच्या मैत्रिणीला, तिचीही फ्रेम त्याच माणसाने बनवलेली, ती चार फूट अकरा.

त्या गुहागरला मावशीकडेच राहिल्या. मावशीने घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली, त्या किती घावणे जेवल्या ते मावशी अजून सगळ्यांना सांगते. सकाळी निघायच्या आधी त्यांनी माझी मापं घेतली, भिंतीला टेकून उभं करून, दोन पायांच्या मधे पुस्तक वर दाबून धरून, आणि एका कागदावर लिहून दिली. पेडलच्या दांड्याची लांबी किती हवी, हँडल किती पुढे, चाक कुठलं. मग त्या तवसाळच्या दिशेने गेल्या, पुढची बोट जयगडची.

फ्रेमचे पैसे जमायला वेळ लागेल आणि आपल्याकडे कोण बनवून देईल तेही शोधायचंय. त्याआधी होण्यासारख्या गोष्टी मी त्या कागदावरून सुरू केल्यात. हँडलची पुढची दांडी तीन सेंटीमीटरने आखूड लावून घेतली, तळहात बधिर होणं बरंच कमी झालं. १६० चा पेडलचा दांडा पुण्यात एकाकडे सांगून ठेवलाय, आला की तो बसवायचा, आणि त्याच्याबरोबर २२ ची चकती.