सातपुड्याच्या पायथ्याशी नवजात बाळांवर केलेल्या प्रबंधाचा अनुभव

बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी खानदेशातल्या एका शासकीय रुग्णालयात रुजू झाले आणि पहिल्या काही महिन्यांतच प्रबंधाचा आराखडा सादर करण्याची वेळ आली. मी विषय निवडला तो कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिल्या जाणाऱ्या कांगारू मदर केअरचा. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्याची ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चाचणी झाली, आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही काळजी सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात ते १५.७ टक्के होते. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेने दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितका जास्त वेळ, अशी शिफारस केली. माझा प्रश्न एवढाच होता, की आमच्या कक्षातल्या आईला हे आठ तास खरोखर मिळतात का, आणि मिळत नसतील तर आड काय येते.

हा प्रश्न फार किरकोळ आहे, असे विभागात काहींचे मत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमचे मत वेगळे होते, आणि ते पटवण्यासाठी त्यांनी मला हेलिक्स चाचणीचा शोधनिबंध वाचायला दिला. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर ७२ तास ३३.५ अंशांपर्यंत थंड ठेवले, तर मेंदूची हानी कमी होते, हे श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी सिद्ध केले होते आणि तिथे तो रूढ उपचार झाला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तोच उपचार काटेकोरपणे तपासला गेला, तेव्हा मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही. उलट दीड वर्षाच्या वयापर्यंत थंड केलेल्या गटातली ४२ टक्के बाळे दगावली होती आणि दुसऱ्या गटातली ३१ टक्के. हा निबंध मी एका रात्रपाळीत वाचला आणि त्यानंतर आपल्याकडच्या बाळांविषयीचे प्रश्न आपल्याकडेच तपासले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रयोग करून, घरच्या घरी काळजी घेऊनही नवजात बाळांचे मृत्यू घटवता येतात, हे १९९९ मध्ये दाखवून दिले, त्याचे मोल मला त्या रात्री नव्याने कळले.

आराखडा विद्यापीठाकडे जाण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीपुढे मांडावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि सदस्यांत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. नमुना किती घ्यायचा, वजन कोणत्या काट्यावर करणार, असे अपेक्षित प्रश्न डॉक्टरांनी विचारले. सर्वांत कठीण प्रश्न मात्र त्या सामान्य नागरिकांचा होता. ते म्हणाले, “अभ्यासात असलेले एखादे बाळ गेले, तर त्याच्या आईकडे तुम्ही उरलेली माहिती विचारायला जाणार का, आणि जाणार असाल तर केव्हा?” माझ्या आराखड्यात याचा उल्लेख नव्हता, आणि कुठल्याही नमुना-आराखड्यात मी तो पाहिलेलाही नव्हता. चर्चेअंती असे ठरले, की अशा आईला कक्षात काहीही विचारायचे नाही आणि तोपर्यंतच्या नोंदी वापरायच्या, पण घरच्यांनी नको म्हटले तर त्याही काढून टाकायच्या. आराखड्यात हे कलम घालून मी तो पुन्हा सादर केला. मंजुरीनंतर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया या वैद्यकीय अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी केली. पहिले बाळ अभ्यासात घेण्याआधी ही नोंदणी झाली, तर निष्कर्ष पाहून मूळ प्रश्न बदलण्याला वाव राहत नाही, म्हणून तिच्यासाठी लागणारा वेळ मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही.

खरी कसोटी संमतीपत्राची होती. मराठीतले माहितीपत्रक नियमाप्रमाणे तयार होते, पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आया पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या, आणि त्यांतल्या अनेकींनी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या. शिवाय वेळ अशी, की बाळंतीण टाके घेऊन वरच्या मजल्यावर पडलेली, बाळ खाली काचेच्या पेटीत, नवरा ऊसतोडीसाठी गुजरातेत, आणि कागदावर अंगठा द्यायला उभी असते ती सासू. मी समजावून सांगत असताना एका आजीने मला मध्येच थांबवून विचारले, “बाई, आम्ही नही म्हनं तं पोऱ्याले पेटीमाईन काढशात का?” ही भीती मनात असताना दिलेला होकार खरा होकार नसतो. त्यानंतर मी कोणाशीही बोलताना पहिले वाक्य हेच ठेवले, की तुम्ही नाही म्हणालात तरी बाळाची पेटी, औषधे आणि दूध यांत काहीही फरक पडणार नाही. अभ्यासाबद्दल त्यानंतरच बोलायचे. बाळ पेटीत आले त्या दिवशी विचारायचे नाही, आईला खाली येऊन बाळ पाहता आले की मग तिलाच विचारायचे, आणि वाचता न येणाऱ्यांच्या बाबतीत कक्षाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवायचा, हा क्रम मी शेवटपर्यंत मोडला नाही. काही जणींनी नकार दिला. त्यांच्या बाळांना तीच काळजी मिळते आहे, हे मी मुद्दाम जाऊन पाहत असे.

बाळ किती आठवड्यांचे, हे ठरवणेही सोपे नव्हते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी क्वचितच झालेली असे आणि शेवटच्या पाळीची तारीख बहुतेकींना सांगता येत नसे. सण मात्र पक्के लक्षात असत. “अखाजीला माहेरी गेले होते तेव्हा पाळी आली, मग आलीच नाही,” असे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दाखला देऊन, सांगणाऱ्या बाईचे बाळ डिसेंबरच्या मध्यावर जन्मले असेल, तर हिशेब साधारण ३२ आठवड्यांवर येतो. कुणी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराचा दाखला देई, कुणी श्रावणात कानबाई बसल्याचा. मी जुनी दिनदर्शिका समोर ठेवून तारीख काढत असे आणि मग बाळाच्या तळपायावरच्या रेषा, कानाची पाळी, हातपायांचा ताण पाहून बाळाच्या लक्षणांवरून आठवडे ठरवणाऱ्या नव्या बॅलार्ड पद्धतीने पडताळत असे. दोन्हींत मोठे अंतर आले, तर तशी स्पष्ट नोंद करायची, सोयीचा आकडा निवडायचा नाही, हे मॅडमनी निक्षून सांगितले होते.

तासांच्या मोजणीत मात्र मला बराच वेळ द्यावा लागला. कक्षात कांगारू काळजीचे तक्ते आधीपासून होते, पण पाळी संपताना घाईत भरलेले, त्यामुळे सगळ्या बाळांपुढे एकसारखे पूर्ण तास लिहिलेले दिसत. दोन परिचारिकांवर कक्षभर बाळांचा भार असताना त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी आम्ही प्रत्येक आईच्या खुर्चीमागे चोवीस चौकटींचा एक कागद लावला आणि सोबत टिकल्यांचे पाकीट ठेवले. बाळ छातीशी असताना भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला, की आईने किंवा आजीने त्या चौकटीत एक टिकली चिकटवायची. रात्री फेरी मारताना मला दिसू लागले, की मधल्या चौकटी भरलेल्या आहेत आणि संध्याकाळच्या सलग रिकाम्या आहेत. ती स्वयंपाकाची वेळ असे. सोबतची आजी आवारात चूल मांडायला गेलेली आणि आई एकटी.

सर्वांत जास्त दमवले ते घरी गेलेल्या बाळांच्या पाठपुराव्याने. धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांत फोनला रेंज नसे आणि दिलेला क्रमांक बहुधा कामावर गेलेल्या दिराचा असे. हाती न लागलेली बाळे सरळ वगळली तर हिशेब स्वच्छ दिसतो, परंतु हाती न लागणाऱ्यांतच दगावलेली बाळे जास्त असण्याची शक्यता असते, आणि त्यांना वगळून काढलेला जगण्याचा टक्का खोटा ठरतो. इथे आशाताईंनी मला तारले. घरच्या नवजात काळजीसाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटी देतातच. त्यांच्या नोंदवहीतून बाळाचे वजन आणि स्थिती मिळत गेली, आणि काही बाळे गेल्याचेही तिथूनच कळले. तरीही जी सापडली नाहीत, त्यांची संख्या प्रबंधात वेगळी मांडली आणि ती सगळी दगावली असे धरून एक हिशेब, सगळी जगली असे धरून दुसरा हिशेब, असे दोन्ही दिले.

निष्कर्षात आयांच्या अनिच्छेचा भाग फारच थोडा निघाला. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला, की छातीशी बांधलेल्या बाळामुळे घामाघूम होऊनही त्या बसत होत्या. आड येत होते ते पाठ टेकायला नसलेले स्टूल, आईचा कक्ष वेगळ्या मजल्यावर असणे, आणि थोडा वेळ आईच्या जागी बसायला दुसरे कोणी नसणे. पाच देशांच्या त्या चाचणीत आईची खाट बाळाच्या अतिदक्षता कक्षातच होती, ही गोष्ट शिफारशीची चर्चा करताना सहज विसरली जाते, म्हणून प्रबंधात मी ती ठळकपणे लिहिली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी याच मुद्द्यावर सर्वाधिक प्रश्न विचारले. नंतर विभागाने काही कलत्या खुर्च्या मागवल्या आणि आजीबरोबर वडील किंवा मावशी यांनाही बाळ छातीशी घेण्याची मुभा दिली. आईच्या खाटा खाली आणण्याचा प्रस्ताव अजून मंजुरीच्या वाटेवर आहे. माझ्यानंतर या विषयावर काम करणाऱ्या निवासी डॉक्टरला मी टिकल्यांच्या कागदाचा नमुना दिला आहे आणि बाळ अभ्यासात घेतानाच पाड्याचे नाव, आशाताईंचे नाव आणि गावातला निदान एक लागणारा फोन लिहून घ्यायला सांगितले आहे.